एक्केचाळिसावी ओळ

१४ फेब्रुवारी २०१६, रविवार
आईच्या शालीवर बुरशी. पिस्ता रंगावर राखाडी ठिपके, मोजून अकरा. सिंगापुरात कपाट म्हणजे दमट गुहा. सिलिकाच्या पुड्या डिसेंबरात बदलायच्या होत्या. माझ्याकडून राहिल्या.
ऋचाने स्वतःच्या लग्नासाठी एवढी एकच गोष्ट मागितली आहे. "नो हॉल, नो मेंदी, नो रुखवत. रजिस्टर करायचं आणि जेवायचं. पण आजीची शाल मी खांद्यावर घेणार, बाबा." २५ जून.
बुरशी साठ अंशांना मरते. नंदा देवळात गेली होती. किटली, थर्मामीटर, बादली. भांड्याच्या साबणाचे चार थेंब. एकेक ठिपका ब्रशने वीस वेळा. मग एकदम गार पाण्यात. ठिपके गेले, अकराच्या अकरा.
शालही गेली.
आधीचं माप ११५ × ९१ (आई गेली तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, मी मोजून लिहून ठेवलं होतं). आताचं ७० × ६६. जाड, घट्ट, घोंगडीच्या तुकड्यासारखी. ओढून पाहिली. वाफेवर धरली. एक सेंटिमीटर परत येईल तर शपथ.

१५ फेब्रु., सोम.
नंदाला सांगितलं. सांगावं लागलं, ती बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेली आणि...
"लोकर गार पाण्यात धुवायची, हे मला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं."
मी म्हणालो, बुरशीचं तापमान अचूक होतं.
"तापमान अचूकच असतं हो तुमचं." मग, "ऋचाला तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. आणि तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही."
सांगणार. पण रिकाम्या हाताने नाही. तशीच दुसरी शाल विणणार, मग सांगणार. तशीच म्हणजे तश्शीच. लग्नाला १३१ दिवस.
बी.कॉम. झालेला माणूस पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकला, त्यावर इथवर आला, चाळीस माणसांची टेस्टिंग टीम सांभाळतो. पोहायलासुद्धा पुस्तकातून शिकलो. शिकवणी कधी लावली नाही. क्रोशा काय मोठा.

२० फेब्रु., शनि.
आठवडाभर वाचन. लोकरीच्या केसाला खवले असतात, माशासारखे. गरम पाणी, साबण, घासणं, वर अचानक गार पाणी: खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. याला फेल्ट म्हणतात. लोक हे मुद्दाम करतात! टोप्या, चपला, पिशव्या.
म्हणजे मी शाल बिघडवली नाही, एक संपूर्ण प्रक्रिया पहिल्याच प्रयत्नात यशस्वी केली. नंदाला हे समजावून सांगितलं. आज चहा मलाच करून घ्यावा लागला.
एक मात्र खरं. त्या आटलेल्या शालीवरून हात फिरवला की थांबवत नाही. दाट, ऊबदार, कडा कापली तरी धागा सुटत नाही. आवडतंय. हे लिहितानाही लाज वाटते.

२७ फेब्रु., शनि.
आमच्या ब्लॉकखालच्या दुकानातून चार मि.मी.ची सुई आणि निळ्या लोकरीचा गुंडा. दुकानदार म्हणाला, "फॉर वाइफ?" मी मान हलवली. हो अशीही, नाही अशीही.
व्हिडिओ पाहून साखळी. पन्नास टाके, दोन तास. आठ वेळा उसवलं.
पण रचना कळली आणि अंगावर काटा आला. सबंध कापड एका धाग्याचं. मध्ये गाठ नाही. कोणत्याही क्षणी एकच फास उघडा असतो, सुईवरचा. तो सुटला की मागचं सगळं सुटतं, तो धरून ठेवला की सगळं टिकतं. इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ डिझाइन पाहिलं नव्हतं. आणि हे माझी आई रेडिओ ऐकत, शेजारणीशी भांडत करायची!

५ मार्च, शनि.
मुका खांब, अर्धा खांब, खांब: क्रोशाचे मूळ टाके. तिन्ही जमले. दहा बाय दहाचा चौकोन विणून साठ अंशांना फेल्ट करायला घेतला. वीस मिनिटं घासला. काही नाही. पाणी सत्तर, ऐंशी. काही नाही. बोटं भाजली.
कॉरिडॉरमध्ये वाळत घातला तर दोन घरं सोडून राहणाऱ्या गोह आंटी थांबल्या. सत्तरीच्या. हॉस्पिटलातल्या तान्ह्या बाळांसाठी टोप्या विणतात, लिफ्टमध्येसुद्धा विणत असतात. चौकोन दोन बोटांत चोळला.
"धिस वन प्लास्टिक. यू बॉइल टिल नेक्स्ट इयर ऑल्सो सेम, लाह."
गुंड्यावरचं लेबल वाचलं. शंभर टक्के ॲक्रिलिक. मी! जो माणूस दुधाच्या डब्यावरचा बारीक मजकूर वाचतो.
नोंद: मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं.

१३ मार्च, रवि.
चायनाटाउनमधल्या जुन्या कॉम्प्लेक्समध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खरी लोकर. फिकट पिस्ता. आटलेल्या शालीचा कोपरा खिशात नेला होता तो उजेडात धरून जुळवला, चौदा गुंडे घेतले. सगळ्यांचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे का ते तपासलं. एक वेगळा निघाला, बदलून घेतला. दुकानदारीण वैतागली. वैतागू दे.
पहाटे साडेपाच ते सात विणायचं आणि ऑफिसला जाताना मेट्रोत, म्हणजे एमआरटीत. पिशवीत हात घालून विणतो, बाहेरून काही दिसत नाही.

१५ मार्च, मंगळ.
दिसतं. महाराष्ट्र मंडळातले जोशी सेरंगूनला चढले, थेट समोर.
"अहो साहेब, पिशवीत काय मांजराचं पिल्लू आहे का? केव्हापासून कुरवाळताय."
काढून दाखवलं. मग, "वहिनींचं?" म्हटलं, माझं. "वा वा," म्हणाले आणि उरलेला वेळ मोबाइलमध्ये घालवला. गणपतीपर्यंत सगळ्या सिंगापुरात बातमी होणार.

२६ मार्च, शनि.
मोठं काम झालं. जुना फोटो: साताऱ्याची गच्ची, आई, मांडीवर सहा महिन्यांची ऋचा, मागे कठड्यावर शाल, पूर्ण पसरलेली. स्कॅन करून आठपट मोठा केला. टाके मोजले, तीन दिवस लागले.
पंख्यांची वीण. एका पंख्यात सात खांब, ओळीत सव्वीस पंखे, एकूण ९६ ओळी. प्रत्येक पंखा खालच्या ओळीला मुक्या खांबाने जोडलेला.
एक सोडून. ओळ ४१, डावीकडून नववा पंखा. जोड राहिलाय, तिथे बारकंसं भोक. फोटो सोळापट करून पाहिला. शंकाच नाही.
आईसुद्धा चुकायची तर!
माझी पंचाण्णव टक्के मार्कांची प्रगतिपुस्तकं बघून "बाकीचे पाच कुठे गेले?" विचारणारी. मनापासून हसलो. नंदा स्वयंपाकघरातून बघून गेली.
मी दुरुस्त करून विणणार.

३ एप्रिल, रवि.
अडचण: आईचा हात किती सैल होता? फोटोतून टाके मोजता येतात, हात नाही. सुई किती नंबरची, धागा किती ढिला... कोणाला विचारणार?
उत्तर अंघोळ करताना सुचलं. सैल वीण फेल्ट होताना जास्त आटते, घट्ट कमी. आईची शाल किती आटली हे मला सेंटिमीटरमध्ये माहीत आहे! म्हणजे वेगवेगळ्या सुयांनी चौकोन विणायचे, अगदी त्या दिवशीसारखेच धुवायचे (६० अंश, चार थेंब, तोच ब्रश), आणि ज्याचं आटणं शालीशी जुळेल तो आईचा हात.
माझ्या गाढवपणाची इतकी नीट नोंद ठेवली म्हणून हे शक्य झालं. नंदाला म्हटलं. ती म्हणाली, "हो, गाढवपणा तुमचा कायम नोंदवलेला असतो." पण हसली. चहा मिळाला.

८ एप्रिल, शुक्र. पाडवा
ऋचा बुओना व्हिस्टाहून ऑफिस करून जेवायला आली. श्रीखंड-पुरी. नोंदणीचे कागद, जेवणाला छत्तीस माणसं, होणाऱ्या जावयाच्या, निखिलच्या, आईला भाजी कमी तिखट हवी.
"बाबा, शाल कुठेय? बघू ना."
"पेटीत आहे."
खोटं नाही. पेटीतच आहे. नंदा वाढता वाढता थांबली.
ऋचा शालीबद्दल बोलत राहिली, त्यात गुंडाळल्याशिवाय झोपायची नाही वगैरे. बोलताना उजवी तर्जनी उगाच हवेत वाकवत होती. लहानपणापासूनची सवय.
सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "अजून एक पुरी घे."

१६ एप्रिल, शनि.
सोळा चौकोन फेल्ट केले. ओट्यावर रांगेने. नंदा म्हणते, घराला ओल्या मेंढीचा वास येतोय. मला तो वास आवडायला लागलाय.
प्रत्येक चौकोन हातात जिवंत झाल्यासारखा होतो. आधी मिनिटभर काहीच नाही, नुसती ओली जाळी. मग अचानक टाके धूसर होतात, कडा आत येतात, बोटाखाली कापड जमू लागतं. तो क्षण पकडायला मी पुन्हा पुन्हा करतोय. तीन चौकोन तर उगाच केले. उत्तर आधीच मिळालं होतं.
उत्तर: पाच मि.मी. सुई. आणि माझ्यापेक्षा कितीतरी सैल हात. त्याच सुईने मी विणलं तर आटणं जवळजवळ निम्मं.

२३ एप्रिल, शनि.
हात सैल होत नाही. सहाची सुई घेतली तर भोकं मोठी दिसतात, हात तोच. दहा ओळी विणल्या, पाट्यासारख्या कडक. उसवल्या. पुन्हा. उसवल्या.
आज गोह आंटींचं दार वाजवलं. विचारलं.
तारीख नोंदवून ठेवतो.
त्यांनी नमुना बघितला नाही, माझा हात बघितला. "यू होल्ड लाइक स्क्रूड्रायव्हर. हू चेसिंग यू? वूल वोंट रन अवे." धागा माझ्या करंगळीवरून सोडवून नुसता बोटांमध्ये ठेवला. मग मला मुलीबद्दल विचारू लागल्या. मुलगी काय करते, जावई कसा, जेवायला काय. मी उत्तरं देत राहिलो आणि बघतो तर चार ओळी झाल्या होत्या. पट्टी लावली. आईचं माप.
म्हणजे रेडिओ आणि शेजारीण हा त्या विणीचाच भाग होता.

७ मे, शनि.
आता विणताना नंदाशी बोलतो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, इतकं एरवी कधी बोललो नव्हतो. ती म्हणते, "शाल संपली की काय करणार?"
आज ४१वी ओळ. नववा पंखा. जोड व्यवस्थित घातला, दोनदा तपासला. आई, झाली बघ दुरुस्त.

२२ मे, रवि.
ओळ ७४. एमआरटीत आता मांडीवर उघडं विणतो. काल एक म्हातारे गृहस्थ बुओना व्हिस्टापर्यंत टक लावून बघत होते, उतरताना अंगठा दाखवला.
उरलेल्या लोकरीचं चष्म्याचं घर विणून फेल्ट केलं. तिसऱ्या प्रयत्नात माप बरोबर: विणताना २१ × १३ ठेवलं की आटून १५ × १० होतं. नंदाने तिच्या चष्म्यासाठी मागितलं. मागितलं, हे महत्त्वाचं. गोह आंटींना बाळाचे मोजे करून दिले, त्यांनी उलटे करून आतली बाजू तपासली. "नॉट बॅड." रात्री झोप छान लागली.

५ जून, रवि.
झाली. ९६ ओळी. ११५.५ × ९१. अर्धा सेंटिमीटर वाळल्यावर जाईल.
सगळे २४९६ पंखे एकेक तपासले. दोष शून्य.
नंदाने खांद्यावर घेऊन पाहिली. आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली.
"आता बोलवा तिला," म्हणाली.

१२ जून, रवि.
ऋचा आली. साडीवर शाल कशी दिसते बघायला. जेवणाच्या टेबलावर दोन्ही ठेवल्या, शेजारी शेजारी. पाठ केलेलं वाक्य विसरलो.
"ऋचा, मी आजीची शाल गरम पाण्यात धुतली. ही ती. आणि ही मी विणली आहे."
"यू बॉइल्ड आजीज शाल?"
"उकळली नाही. साठ अंश."
"दॅट्स नॉट बेटर, लाह, बाबा!"
तिने नवीकडे बघितलंच नाही. आटलेली उचलली, छातीशी धरली, मग टेबलावर पसरून बोटाने काहीतरी शोधू लागली. कडेपासून आत, पुन्हा कडेपासून. तर्जनी.
"इथे होतं."
"काय?"
"भोक. झोपताना मी त्यात बोट घालायचे. बुजलं."
नंदा म्हणाली, "चार वर्षांची होईपर्यंत. बोट घातल्याशिवाय डोळा मिटायचा नाही."
मला का माहीत नव्हतं? माझी बदली नागपूरला होती तेव्हा. महिन्यातून दोन दिवस घरी.
ऋचाने मग नवी उचलली. मोजायला लागली नाही, तिचा हात आपोआप तिथेच गेला, डावीकडे, मध्याच्या जरा खाली. बोट थांबलं.
मी म्हणालो, "ती चूक होती. एक्केचाळिसावी ओळ. मी दुरुस्त केली."
छताच्या पंख्याचा आवाज.
"यू फिक्स्ड इट," ऋचा म्हणाली. मग हसायला लागली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. "बाबा, तू पण ना. अगदी तू आहेस." माझ्या बोटांवरचे सुईचे घट्टे बघितले, एकेक. "ही सगळी तू केलीस? स्वतः? इट्स ब्यूटिफुल. खरंच."
जाताना आटलेली शाल काखोटीला मारून घेऊन गेली. नवी खुर्चीवर राहिली.
"२५ला काय घेऊ, बघते मी," दारातून म्हणाली. रागावली नाही. पण घेईन असंही म्हणाली नाही.

१३ जून, सोम.
ऑफिसात लक्ष नाही. एका रिपोर्टवर सही करताना विचार: आपण आयुष्यभर दोष शोधले. त्यातले किती, कोणी बोट घालून झोपायची जागा असतील?
गोह आंटींना विचारलं (दुसऱ्यांदा). त्या म्हणाल्या, सोपं आहे, तिथला एक धागा काप, कडा शिवून टाक, होल इज होल. दहा मिनिटांचं काम.
नाही. भोक पाडणं वेगळं आणि टाका राहून जाणं वेगळं. कापलेलं भोक ऋचाच्या बोटाला कळेल. मलाही.
"देन यू बेटर स्टार्ट," म्हणाल्या.

१४ जून, मंगळ.
सुट्टी टाकली. सकाळी सातला शेवटची गाठ सोडली आणि धागा ओढला.
छप्पन्न ओळी. एकेक पंखा टप टप टप सुटत गेला, मे-जूनच्या सगळ्या पहाटा. नंदा समोर बसून गुंडा करत होती. धागा कुरळा झालाय, पण तुटला कुठेच नाही. "रडू नका," म्हणाली. रडत नव्हतो. मोजत होतो.
ऋचाला सांगितलेलं नाही. या वेळी लपवायचं म्हणून नाही, वेळेत होईल की नाही हे मलाच माहीत नाही म्हणून. आजचा धरून अकरा दिवस. रोज पाच ओळी म्हणजे पंचावन्न. एक उरते, ती कुठेतरी बसवू. आणि बसली तरी ऋचा ही घेईल का, की तीच आटलेली मांडीवर घेऊन बसेल, की...
नंदा म्हणाली, "बाळाच्या बोटाचं करू नका. सत्तावीस वर्षांची झालीय आता."
चाळीस ओळींवर थांबलो. उघडा फास सुईवर घेतला. एक्केचाळिसावी. आठ पंखे विणून झाले. नंदा आईच्या गोष्टी सांगत होती, हात सैल होता.
नववा. पंखा पूर्ण करायचा, जोड सोडायचा आणि पुढे जायचं. एवढंच. पण बोटं आपोआप जोडून मोकळी झाली. उसवलं. पुन्हा जोडलं. उसवलं. तिसऱ्यांदाही. बावन्न वर्षांत कधी इतकं अवघड काम केलं नव्हतं.
चौथ्यांदा जोड सुटला.
बोट घालून पाहिलं. जातं.